रिकामी इमारत मिळतेय, पण रंगाचा डबा इतक्यात उघडू नका

वस्तीतली दुमजली इमारत बरीच वर्षं कुलूपबंद आहे. मालकाने तोंडी "वापरा" म्हटलंय. तुम्ही सातआठ जण आहात, वर्गणीतून थोडे पैसे जमलेत. खाली छोटा रंगमंच, वर चित्रांचं दालन आणि नाचाचे वर्ग असा बेत आहे. सुरुवात रंगकामापासून करावी की रंगमंचापासून, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते दोन्हीपासून करू नका. आधी पूर्ण नूतनीकरण आणि मग थाटात उद्घाटन, हा क्रम मला पटत नाही. अशा जागांच्या कामात मी बरीच वर्षं आहे. पैसा बहुतेक वेळा भिंतींवर संपतो, आणि उद्घाटनानंतर आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी तिथे कोण येणार याचा विचारच झालेला नसतो. जागा वापरत वापरत दुरुस्त करा. याला अपवाद फक्त सुरक्षिततेचा, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

पण आधी कागद. मालकाचं "वापरा" आज खरंही असेल. उद्या इमारत विकली गेली, वारसांत वाटणी झाली किंवा जागेचा भाव चढला, तर त्या शब्दाला किंमत उरत नाही. बर्लिनचं टाखेलेस हे कलाकेंद्र आठवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका मोठ्या व्यापारी संकुलाचा तो मोडकळीला आलेला भाग. तो पाडला जाणार होता, तेव्हा 1990 मध्ये कलाकारांनी त्यात मुक्काम ठोकला. पुढे तिथे स्टुडिओ, नाट्यगृह, चित्रपटगृह असं सगळं उभं राहिलं, जगभरातून लोक बघायला यायचे. नंतरच्या मालकाशी 1998 मध्ये दहा वर्षांचा करार झाला, तोही अगदी नाममात्र भाड्यावर. ऐकायला छानच. पण करार संपल्यावर पुढची तजवीज नव्हती, आणि 2012 मध्ये उरलेल्या कलाकारांना बाहेर पडावं लागलं. भाडं किती, यापेक्षा मुदत किती हे आधी विचारा.

याच्या उलट गोष्ट पॅरिसच्या 59 रिव्होलीची. तिथेही 1999 मध्ये कलाकार रिकाम्या इमारतीत घुसले. पण शहराच्या प्रशासनाने ती इमारत विकत घेतली, सुरक्षिततेची कामं करून घेतली, आणि 2009 मध्ये ती कायदेशीर स्टुडिओ म्हणून पुन्हा उघडली. तिथल्या कलाकारांनी पहिल्यापासून दार लोकांसाठी उघडं ठेवलं होतं आणि येणाऱ्यांची गर्दी सगळ्यांना दिसत होती, याचा यात मोठा वाटा आहे असं मला वाटतं. लोकांचा वापर दिसला की प्रशासनाशी बोलणं सोपं जातं.

तुमच्या मालकाला लगेच दहा वर्षांचा करार करायची भीती वाटेल, आणि ती रास्त आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये 2008 साली मार्कस वेस्टबरी यांनी सुरू केलेल्या 'रिन्यू न्यूकॅसल' या उपक्रमाने यावर एक साधी तोड काढली. ओस पडलेल्या दुकानांच्या मालकांकडून त्यांनी भाडेपट्टा मागितलाच नाही. फक्त वापराचा परवाना घेतला, तोही महिन्या-महिन्याने पुढे चालू राहणारा. खरा भाडेकरू मिळाला तर मालकाला जागा परत. त्यामुळे मालकाचा धोका जवळजवळ शून्य झाला, आणि एरवी धूळ खात पडलेल्या जागांत छोटे स्टुडिओ, दालनं, हस्तकलेची दुकानं सुरू झाली. यात एक ग्यानबाची मेख आहे. अशा कराराच्या जागेत फक्त उचलून नेता येईल असंच सामान ठेवायचं. घडीचा मंच, स्टँडवरचे दिवे, चाकांवरच्या पार्टिशन भिंती. महिनाभराच्या परवान्यावर लाकडी तक्तपोशी ठोकून बसवणं म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेला देणगी देणं. मुदत वाढत जाईल तसा खर्च वाढवा. पहिलं वर्ष अल्प मुदतीचं घ्या. पण त्याच कागदात लिहून घ्या की वर्षभर जागा नीट वापरली तर पाच वर्षांच्या कराराची बोलणी करायची, आणि छत व मुख्य भिंतींची दुरुस्ती कोणाच्या खर्चाने हेही.

"एक रुपयात इमारत मिळाली" छापाच्या बातम्या वाचून हुरळून जाऊ नका. शिकागोतले कलावंत थीअॅस्टर गेट्स यांना 1923 साली बांधलेली, पुढे अनेक वर्षं बंद पडलेली बँकेची इमारत शहराने 1 डॉलरला दिली, हे खरं. पण नूतनीकरणाचा सगळा पैसा त्यांनीच उभा करायचा होता. त्यांनी इमारतीतल्याच संगमरवराच्या लाद्या कोरून कलाकृती म्हणून विकल्या आणि त्यातून निधीची सुरुवात केली. 2015 मध्ये ती इमारत ग्रंथसंग्रह आणि दालन म्हणून उघडली. इतकी कल्पकता आणि इतकं नाव पाठीशी नसेल तर फुकटातली इमारत अंगावर येते.

आता इमारतीची तब्येत. स्ट्रक्चरल इंजिनिअरला घेऊन फिरा, आणि सुरुवात छतापासून करा. पाणी वरून येतं, म्हणून छत, पन्हळी आणि पावसाच्या पाण्याचे पाइप आधी. भिंतींना लोणा लागला असेल किंवा खालच्या हातभर पट्ट्यातला गिलावा फुगला असेल तर त्यावर रंग मारणं म्हणजे पैसे भिंतीत मुरवणं. जुनी भिंत चुन्यातली असेल तर तिला सिमेंटचा गिलावा करू नका. ओल आत कोंडते आणि विटा आतून पोखरल्या जातात. तिथे चुन्याचाच गिलावा हवा. पत्रे जुने असतील तर ते ॲस्बेस्टॉसचे आहेत का ते तपासून घ्या. असतील तर स्वतः कापू, घासू किंवा फोडू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तोही कोरडा खरवडू नका, विशेषतः लहान मुलं येणार असतील तर.

तुमच्या बेतातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट म्हणजे वरच्या मजल्यावरचा नाच. राहत्या घराचा मजला साधारणपणे दर चौरस मीटरला 200 किलो वजन धरून बांधलेला असतो. नाचासाठी किंवा गर्दीच्या सभागृहासाठी हाच आकडा 500 किलोच्या आसपास धरतात. शिवाय तीस जण एका ठेक्यावर उड्या मारतात तेव्हा नुसत्या वजनापेक्षा त्या लयीचे हादरे जास्त त्रास देतात. म्हणून नाच खाली आणा, चित्रं वरच राहू द्या. चित्रकारांना वरचा उजेड आवडतो. तुम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला असाल तर उत्तरेकडच्या खिडकीतून वर्षाचा बहुतेक काळ सारखा, थेट ऊन नसलेला प्रकाश मिळतो. आणि नाच खाली आला तरी काँक्रीटवर थेट फरशी किंवा विनाइल नको. गुडघे आणि नडग्या दुखायला लागतात. खाली थोडी लवचीक लाकडी चौकट लागते. ती सुटी, जोडून ठेवता येईल अशीही बनवता येते.

आता तो अपवाद. बाकी सगळं हळूहळू चालेल, पण आग आणि सुटका या बाबतीत पहिल्या दिवसापासून तडजोड नाही. अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये 'घोस्ट शिप' नावाच्या गोदामात कलाकार राहत आणि कार्यक्रम करत. 2 डिसेंबर 2016 च्या रात्री तिथे आग लागली आणि 36 जण गेले. इमारतीला परवानगी गोदामाची होती. आत लाकडी सामानाचा चक्रव्यूह, आग विझवणारे पाण्याचे फवारे नाहीत, वरून उतरायला जुजबी जिना. तुम्हालाही वापरबदलाची परवानगी लागेल, तिला निव्वळ सरकारी कटकट समजू नका. परस्परांपासून लांब असे दोन बाहेर पडायचे मार्ग हवेत, दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी हवीत आणि कार्यक्रम चालू असताना त्यांना कुलूप नको. विजेची जुनी वायरिंग डागडुजी न करता काढूनच टाका. मंजूर वीजभार किती आहे ते बिलावर पाहा, कारण रंगमंचाचे दिवे आणि ध्वनियंत्रणा घरगुती जोडणीला सहसा झेपत नाहीत. वरच्या मजल्याला दुसरा जिना होईपर्यंत तिथे कार्यक्रम करू नका, चार माणसांचं काम फार तर चालेल.

आवाजाबद्दल एक प्रेमळ तंबी. कोणीतरी उत्साही सदस्य अंड्यांचे ट्रे आणि स्वस्त फोम भिंतींना चिकटवायला निघेल. अंड्यांच्या ट्रेने आवाज बाहेर जायचा थांबत नाही, आणि फोम पेटतो कसा ते 2003 मध्ये अमेरिकेच्या ऱ्होड आयलंडमधल्या 'स्टेशन' नाइटक्लबच्या आगीत जगाने पाहिलं. 100 माणसं गेली. खोलीतला घुमणारा आवाज कमी करणं आणि शेजाऱ्याकडे जाणारा आवाज थांबवणं ही वेगवेगळी कामं आहेत. पहिल्याला जाड पडदे, सतरंज्या, पुस्तकांची कपाटं पुरतात. पण ज्वलनरोधक प्रक्रिया केलेलं कापड घ्या. दुसऱ्याला वजन लागतं: जड दार, फटी बुजवलेल्या खिडक्या, जाड भिंत. तेवढा पैसा नसेल तर ढोल-ताशे दिवसा आणि अभिवाचन रात्री, हा स्वस्त उपाय.

मग जागा वापरायला कधी घ्यायची? लगेच, पण थोडीशी. रस्त्यालगतची एक खोली सुरक्षित करून घ्या, तिला वीज द्या, बाकी इमारत कुलपात राहू द्या. ब्राझीलच्या साओ पाउलोत जुन्या पिंपांच्या कारखान्याचं 'सेस्क पोंपेया' हे केंद्र करताना वास्तुकार लीना बो बार्दी यांना दिसलं की त्या पडक्या आवारात वस्तीतले लोक आधीच येतात, मुलं खेळतात, म्हातारे बसतात, सुटीच्या दिवशी कुटुंबं जमतात. तो आनंद तसाच राहू द्यायचा, हे त्यांनी ठरवलं. कारखान्याच्या विटांच्या शेड न पाडता त्यांनी तिथे वाचनालय, नाट्यगृह, कार्यशाळा बसवल्या. केंद्र 1982 मध्ये उघडलं आणि आजही गजबजलेलं असतं.

इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या ग्रॅन्बी भागातही सुरुवात वास्तुकारांनी केलेली नाही. रहिवाशांनी आधी ओस रस्त्यांवर कुंड्या ठेवल्या, बंद घरांच्या खिडक्या रंगवल्या, रस्त्यावर बाजार भरवला. मग 2011 मध्ये जमिनीसाठी सामूहिक विश्वस्त संस्था काढली. 'असेंबल' या वास्तुकार-डिझायनरांच्या गटाबरोबर केलेल्या घरांच्या कामाला 2015 चा टर्नर पुरस्कार, म्हणजे ब्रिटनमधला कलेचा नावाजलेला पुरस्कार, मिळाला तो त्यानंतर. दोन घरं तर इतकी खिळखिळी होती की ती पूर्ववत न करता काचेच्या छताची बाग केली, तीही 2019 मध्ये. बघा, सगळं दुरुस्त करायलाच हवं असंही नाही.

तुमच्या इमारतीभोवती आत्ता कोण असतं ते पाहा. पायऱ्यांवर बसणारी पोरं, शेजारच्या भिंतीच्या सावलीत दुपारी टेकणाऱ्या बायका. त्यांना पहिल्याच दिवशी हुसकावलंत तर ती जागा तुमची झाली, वस्तीची नाही. आणि सातआठ जणांच्या मंडळात सगळेच कलाप्रेमी असतील तर दोन जागा रिकाम्या करा. एक हिशेबाच्या माणसासाठी, दुसरी लगतच्या घरातल्या व्यक्तीसाठी, तीही शक्यतो विरोध करणाऱ्यांपैकी.

कलेची व्याख्याही जरा सैल ठेवा. ह्यूस्टनमध्ये रिक लो आणि त्यांच्या सहकारी कलाकारांनी 1993 पासून 22 छोट्या, ओळीने उभ्या असलेल्या घरांचं 'प्रोजेक्ट रो हाउसेस' केलं. काही घरं कलाकारांच्या मांडणीसाठी होती, आणि काही घरं शिकत असलेल्या तरुण एकल मातांना राहायला दिली. शेजाऱ्यांना ती घरं आपली वाटली याचं श्रेय मी या दुसऱ्या निर्णयाला जास्त देतो. तुमच्याकडे याचं रूप संध्याकाळची अभ्यासिका असेल, शिवणकामाचा वर्ग असेल. "ही कला नव्हे" म्हणणारा एक सदस्य निघेलच, त्याला वेळापत्रक सांभाळायला द्या.

पैशाबाबत थोडक्यात. देणगीदार मंचाला नाव द्यायला तयार असतात, पण संडास सफाईच्या खर्चाला कोणी नाव देत नाही. म्हणून वीज, पाणी, विमा, सफाई आणि किल्ली सांभाळणाऱ्या माणसाचं मानधन हा महिन्याचा खर्च वर्ग आणि तालमींच्या शुल्कातूनच निघायला हवा. देणग्या छतासाठी ठेवा. किल्ली मोफत श्रमदानावर चालते ती जेमतेम पहिले काही महिने. रंगकामाचा रविवार मात्र जरूर करा, वस्तीतली झाडून सगळी माणसं त्यालाच येतात. फक्त तो छत आणि वायरिंगनंतर.

पुढचं नेमकं सांगायला मला तीन गोष्टी हव्यात: जिना लाकडी आहे की काँक्रीटचा, मागच्या बाजूने बाहेर पडायला वाट आहे का, आणि मालक एकटा आहे की भावंडांत हिस्से आहेत. तिसऱ्याचं उत्तर "हिस्से आहेत" असं असेल तर इंजिनिअरच्याही आधी वकिलाकडे जा, आणि करारावर सगळ्यांच्या सह्या घ्या.