आधी टायर, मग अलॉय: सोलापूरच्या एका कुटुंबाचा चाकांचा प्रश्न

नमस्कार ताई,

तुमचं सविस्तर पत्र मिळालं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही जुळे सोलापुरात राहता आणि माध्यमिक शाळेत शिकवता. यजमानांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, म्हणजे घरातलं एक उत्पन्न ठरलेलं आणि दुसरं हंगामावर. २०१८च्या दसऱ्याला घेतलेली गाडी आणखी दोन वर्षं वापरून विकायची आहे. तिच्या चारही अलॉय व्हील्सना (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिमना) फुटपाथच्या कडा घासल्यात, वरचं लॅकर म्हणजे पारदर्शक थर सुटलाय आणि मागच्या डाव्या चाकातली हवा आठवड्याभरात कमी होते. दुकानदाराने तीन भाव सांगितलेत: चारही रिमना एकरंगी पावडर कोटिंग १४,००० रुपये, पूर्वीसारखी डायमंड कट चमक हवी असल्यास २१,००० रुपये, किंवा एक इंच मोठ्या नव्या अलॉय टायरसकट ८२,००० रुपये, क्रेडिट कार्डावर १८ हप्त्यांत. मुलाला तिसरा पर्याय हवाय, यजमानांना दुसरा. तुम्हाला वाटतं, काहीच करू नये.

माझं मत या तिन्हींपेक्षा वेगळं आहे. पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय, "टायर मूळचेच आहेत, पण नक्षी अजून चांगली आहे." माझ्या दृष्टीने पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच. पैसे आधी टायरला लागणार आहेत.

टायरच्या बाजूवर 'डॉट' (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. तिथे ३४१८ दिसलं तर तो टायर २०१८च्या ३४व्या आठवड्यात तयार झालेला. कायद्याने कारच्या टायरवर किमान १.६ मिलिमीटर खोल नक्षी लागते. ती तुमच्या टायरवर असेलही, पण नक्षीवरून रबराचं वय कळत नाही. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की कसाही दिसत असला तरी बदला, असा टायर कंपन्यांचा साधारण सल्ला असतो. उष्णतेने रबर लवकर कडक होतं आणि बाजूच्या भिंतीला बारीक भेगा पडतात. सोलापूरचा मे महिना तुम्हाला मी काय सांगावा! त्यात यजमान दर महिन्याला माल दाखवायला पुण्याला जातात, म्हणजे महामार्गावर एका बाजूचे सुमारे २५० किलोमीटर. सात वर्षं उलटलेले टायर आणि त्यातल्या एकात कायम कमी हवा, अशी गाडी मी उन्हाळ्यात त्या रस्त्यावर नेऊ देणार नाही. हवा कमी असली की टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि तापलेला जुना टायर फुटतो. तुमच्याच चौकशीप्रमाणे त्याच मापाचे चार टायर २४,००० रुपयांना मिळतात. हा खर्च एप्रिलमध्येच करा.

आता हवा का जाते ते पाहू. ट्यूबलेस टायर रिमच्या काठावर घट्ट बसतो आणि त्या बसण्यावरच हवा टिकते. तिथलं कोटिंग उडालं की ओलावा ॲल्युमिनियमपर्यंत पोहोचतो, पांढरी भुकटी धरते आणि त्या खडबडीत जागेतून हवा हळूहळू निसटते. जुने टायर उतरतील तेव्हा चारही रिमच्या बसण्याच्या जागा घासून स्वच्छ करून घ्या, सीलर (हवा अडवणारा लेप) लावायला सांगा आणि व्हॉल्व्ह नवे बसवा. हे काम काही शे रुपयांत होतं. टायर चढवण्याआधी रिकामी रिम बॅलन्सिंगच्या (चाकाचं वजन सगळीकडे समतोल करण्याच्या) मशीनवर फिरवून बघा. खड्ड्याने वाकली असेल तर डोळ्यांनाही डगमग दिसते. तुमच्या मूळ प्रश्नातला सुरक्षेचा भाग एवढाच. पुढचा सगळा प्रश्न दिसण्याचा आहे.

दिसण्याला मी कमी लेखत नाही. यजमान व्यापाऱ्यांच्या दारात गाडी उभी करतात, ती नीटनेटकी असावी असं त्यांना वाटणं रास्त आहे. फक्त ते आत्ता परवडतं का, ते तुमच्याच आकड्यांवरून बघू. बँकेत १,६०,००० रुपये आहेत. जूनमध्ये मुलाची फी ३६,०००, जुलैत गाडीचा विमा ११,०००. उरले १,१३,०००. टायर घेतले की ८९,०००. घरखर्च महिना ४०,०००, म्हणजे जेमतेम सव्वादोन महिन्यांची तरतूद. त्यातून पावडर कोटिंगही आत्ताच केलं तर ७५,००० राहतात, दोन महिनेही भागत नाहीत. सुताचे भाव वाढले की कारखान्याचं उत्पन्न कसं आटतं, हे तुम्हीच पत्रात लिहिलंय. अशा घरात तीन महिन्यांचा खर्च बाजूला असायलाच हवा, म्हणजे १,२०,०००. फी आणि विमा भरल्यावरच आपण त्या रेषेच्या खाली जातो, टायरमुळे आणखी खाली, ते नाइलाजाने. रंगासाठी त्याहून खाली जाऊ नये.

म्हणून कोटिंग दिवाळीच्या सुमाराला करा. एप्रिल ते ऑक्टोबर दरमहा २,००० रुपये वेगळ्या रिकरिंग खात्यात टाका, १४,००० जमतील. मुलगा विचारेल, टायर उतरवलेलेच असताना कोटिंग करणं स्वस्त नाही का? त्याचं बरोबर आहे. नंतर टायर पुन्हा काढ-घाल करून बॅलन्सिंगचा खर्च दुसऱ्यांदा पडेल. साधारण दीड-दोन हजार धरा. जून-जुलैचे दोन मोठे खर्च पार पडेपर्यंत हातात रोकड राहावी म्हणून ही किंमत मोजायला मी तयार आहे.

८२,०००च्या पर्यायाबद्दल मुलाशी आकड्यांत बोला, नुसतं नाही म्हणू नका. कार्डाचा हप्ता १५ टक्के व्याजाने सांगितलाय. १८ महिन्यांचा हप्ता सुमारे ५,११५ रुपये येतो, एकूण परतफेड सुमारे ९२,०००. व्याजावर १८ टक्के जीएसटी, प्रोसेसिंग फी वेगळी. म्हणजे सुमारे ९४,००० रुपये जाणार आणि शेवटचा हप्ता फिटेल तेव्हा गाडी विकायला सहाच महिने राहिलेले असतील. जुनी गाडी घेणारा बाहेरून बसवलेल्या मोठ्या अलॉयचे वेगळे पैसे क्वचितच देतो. शिवाय रिम मोठी झाली की टायरची भिंत बुटकी होते. आपल्याकडचे खड्डे आणि उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेले रस्ते पाहता बुटक्या टायरची रिम लवकर वाकते. बाहेरून बसवलेल्या वस्तू विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवाव्या लागतात, नाहीतर नुकसान झाल्यावर त्यांचे पैसे मिळण्याची आशा धरू नये.

यजमानांच्या डायमंड कटचं काय? मला वाटतं, त्यांना खरी तुलना कुणी सांगितलेली नाही. डायमंड कटमध्ये रिमचा दर्शनी भाग लेथवर बारीक तासतात आणि उघड्या चकचकीत धातूवर पारदर्शक लॅकर चढवतात. त्या लॅकरला एक ओरखडा पडला की पाणी खाली शिरतं आणि धातूवर पांढऱ्या बारीक रेषा पसरत जातात. तुमच्या चाकांवर आत्ता तेच दिसतंय. प्रत्येक तासणीत थोडा धातू जातो, त्यामुळे तीच रिम पुन्हा पुन्हा तासता येत नाही. पावडर कोटिंगमध्ये जुना थर पूर्ण उतरवतात, विद्युतभाराने पावडर चिकटवतात आणि सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजतात. थर एकसंध बसतो, दगडाचा मार सोसतो आणि बोअरच्या जड पाण्याचे डाग त्यावरून सहज पुसले जातात. दोन वर्षांत विकायच्या गाडीला लवकर खराब होणारी महाग चमक ७,००० रुपये जास्त देऊन घ्यावी, हे मला पटत नाही. सिल्व्हर किंवा गडद राखाडी रंग घ्या. विकताना कुणाला खटकणार नाही.

कोटिंगसाठी चिंचोळी आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतही चौकशी करा, दुसरा भाव हातात असलेला बरा. मात्र ग्रिल, कपाटं रंगवणाऱ्याला चाकाची सवय नसते. त्याला तीन गोष्टी स्पष्ट विचारा. भट्टीचं तापमान मोजता येतं का? अलॉय जास्त तापली तर तिची ताकद कमी होते. नट बसतात त्या जागा आणि हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) टेकणारा मागचा भाग झाकून रंगवणार का? तिथे जाड थर राहिला की तो पुढे दबतो आणि नट सैल पडतात. तिसरं, बॅलन्सिंगची वजनं आतल्या बाजूला चिकटवणार ना? काठावर ठोकून बसवलेली वजनं नवा रंग लगेच उडवतात. चाकं बसवून शंभर-एक किलोमीटर गाडी चालली की नट टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासून घ्या. हे टाळू नका.

विम्यातून हे काम होईल का, असं तुम्ही विचारलंत. घासलेली रिम ही वापरातली झीज आहे, तिचा क्लेम बसत नाही. 'अपघात झाला असं लिहून द्या' म्हणणारे भेटतात. ते खोटं आहे, करू नका. आणि खरोखरच फुटपाथला धडक बसली असती तरी इतक्या रकमेचा क्लेम महागच पडला असता. तुमच्या पॉलिसीवर ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सवलत, आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा प्रीमियम सवलतीआधी सुमारे ९,००० आहे, म्हणजे वर्षाला ४,५०० वाचतात. एक क्लेम केला की बोनस शून्यावर येतो आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५, ५० अशी पायरी चढावी लागते. प्रीमियम तेवढाच धरला तरी या काळात मिळून सुमारे ११,००० रुपयांची सवलत जाते. शिवाय हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. दोन वर्षांनी नवी गाडी घ्याल तेव्हा तो तिच्यावर लागू होईल आणि नव्या गाडीचा प्रीमियम मोठा असल्याने बचतही मोठी होईल. जुनी विकताना कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. आणि जुलैचं नूतनीकरण चुकवू नका. मुदत संपून ९० दिवस उलटले तर बोनस जातो.

एक शक्यता मात्र लक्षात ठेवा. टायर उतरवल्यावर मागच्या डाव्या रिमला तडा दिसला, तर वरचं वेळापत्रक त्या एका चाकापुरतं बदला. तडा वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा, ते चाक महामार्गावर भरवशाचं राहत नाही. त्याच मापाची एकच रिम अधिकृत डीलरकडून घ्या. बाहेरून घेतलीत तर आयएसआय चिन्ह पाहूनच घ्या. ती येईपर्यंत स्टेपनी लावून गावातल्या गावात फिरा, पुण्याची फेरी पुढे ढकला. त्या रिमचे पैसे राखीव रकमेतून काढायला माझी हरकत नाही. नवी रिम इतर तिघींपेक्षा उजळ दिसेल, ते दिवाळीपर्यंत चालवून घ्या आणि तेव्हा चारही एकाच रंगात करा.