बेकार, बेरोजगार की ‘काम बंद’?

समाजकार्य शिकणाऱ्या, हिंगणा रस्त्याकडच्या एका वस्तीवर प्रकल्प लिहिणाऱ्या नागपूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. 2020 च्या टाळेबंदीत वस्तीतले किती लोक ‘बेकार’ झाले, असं त्यांनी लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी ते खोडून ‘बेरोजगार’ केलं. या दोन शब्दांत फरक आहे का, आणि त्यामुळे मोजणी बदलते का?

शब्दांपुरतं बोलायचं तर मार्गदर्शकांचं बरोबर आहे. दोन्ही शब्द फारसीतून आले. ‘बेकार’ म्हणजे ज्याच्याकडे काम नाही तो. इराणात आजही तोच अर्थ चालतो. आपल्याकडे मात्र शब्द खाली घसरला. भाजी बेकार, रस्ता बेकार, मग माणूसही बेकार. ‘प्रच्छन्न बेकारी’ (म्हणजे छुपी बेकारी) यासारख्या पुस्तकी जोडशब्दांत जुना अर्थ शाबूत आहे, पण वस्तीतल्या माणसाला बेकार म्हणू नये. त्याचं काम गेलं, त्याच्यात खोट नव्हती.

‘रोजगार’ची कथा वेगळी. फारसीत त्याचा अर्थ काळ, जमाना. आपण त्यातला ‘रोज’ धरला आणि रोजच्या पोटापाण्याचं साधन असा अर्थ पक्का केला. नागपुरात तर ‘रोजी’ म्हणजे सरळ एका दिवसाची मजुरी. मजुरांच्या ठिय्यावर सकाळी डबा घेऊन उभा असलेला माणूस सोमवारी रोजगारात असतो आणि मंगळवारी नसतो. त्याला ‘तुम्ही बेरोजगार आहात का’ असं विचारलं, तर तो कोणत्या दिवसाचं सांगणार?

आता मोजणीचं. जून 2020 मध्ये आमच्या गल्लीतल्या फरशीच्या मिस्त्रींना एका पाहणीचा फोन आला होता. ते ओट्यावर बसले होते, फोन स्पीकरवर होता.

“काम करता का?”
“करतो नं.”
“मागच्या आठवड्यात किती दिवस केलं?”
“एकई नाई.”
“मग बेरोजगार लिहू?”
“बेरोजगार काहून? मी मिस्त्री हाओ. काम बंद हाय.”

मला त्यांचं उत्तर फार नेमकं वाटतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या श्रमबल पाहणीची साप्ताहिक व्याख्याही काहीशी तसंच म्हणते. आठवड्यात एका तरी दिवशी तासभर काम केलं, तर माणूस रोजगारात. स्वतःचा धंदा किंवा पगारी नोकरी आहे, पण आजारपणामुळे किंवा इतर कारणाने त्या आठवड्यात काम केलं नाही, तरीही रोजगारात. म्हणजे स्वतःची कामं घेणारे मिस्त्री रोजगारात धरले जातील. त्यांच्या हाताखाली रोजीने जाणारा आणि काम मिळालं तर करायला तयार असलेला पोरगा बेरोजगार ठरेल. दोघंही एकाच ओट्यावर, दोघांचीही कमाई शून्य. आणि धुणीभांडी करणाऱ्या ज्या मावशी म्हणाल्या, “शाळा बंद, पोरं घरी, आता नाई जमत,” त्या काम शोधतही नाहीत आणि करायला मोकळ्याही नाहीत, म्हणून श्रमबलाच्याच, म्हणजे काम करणाऱ्या आणि काम मागणाऱ्या लोकांच्या गटाच्याच, बाहेर. बेरोजगारीचा दर काढताना त्या ना वरच्या, बेरोजगारांच्या आकड्यात येतात, ना खालच्या, श्रमबलाच्या.

याच पाहणीत एप्रिल ते जून 2020 या तिमाहीत देशाच्या शहरी भागातला, सर्व वयांच्या लोकांचा साप्ताहिक बेरोजगारीचा दर 20.9 टक्के निघाला. आदल्या वर्षी याच तिमाहीत तो 8.9 टक्के होता. पण वर्षभराची नेहमीची स्थिती धरणारा, गाव-शहर मिळून काढलेला दर 2018-19 मध्ये 5.8, 2019-20 मध्ये 4.8 आणि 2020-21 मध्ये 4.2. म्हणजे महामारीतही तो खाली आला! हा आकडा खोटा नाही. शहरातलं काम सुटून भंडारा-गोंदियाकडे परतलेला माणूस घरच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवणीला लागला, की हातात पैसा न येताही तो ‘काम करणारा’ धरला जातो. हे आकडे देशाचे आहेत. तुमच्या वस्तीला ते चिकटवू नका.

ताई, वस्तीसाठी एक नाम शोधण्यापेक्षा लोकांची क्रियापदं उतरवून घ्या. आपल्या बोलीत ती मोजमापाइतकी चोख आहेत. ‘नोकरी गेली’ म्हणजे परतीची आशा नाही. ‘काम सुटलं’ म्हणजे मालकाशी धागा तुटला, पण हुन्नर हातात आहे. ‘काम बंद आहे’ म्हणजे नातं कायम, कमाई थांबलेली. ‘रोजी बुडाली’ हे दिवसांवर मोजायचं. ‘काम सोडलं’ असं बाई म्हणाली, तर तिनं सोडलं की तिला सोडावं लागलं, हे एकदा जास्तीचं विचारा. आणि कुणी ‘खाली हाओ’ म्हणालं तर ते रिकामा या अर्थी. ते पुढच्या प्रश्नाशिवाय कुठल्याच रकान्यात टाकू नका.

अहवालात मग असं वाक्य येईल: ‘विचारलेल्या घरांपैकी इतक्या जणांचं काम सुटलं, इतक्यांचं बंद होतं, इतक्यांनी घरच्या कारणाने शोधणं थांबवलं.’ ‘बेरोजगार’ हा शब्द त्यानंतर वापरा, आणि तो आठवड्याच्या हिशेबाने की वर्षाच्या, हे त्याच ओळीत लिहा. मिस्त्रींसाठी ‘काम बंद’ हा वेगळा रकाना ठेवा.