शंभराने गुणलेला पगार

"मॅडम, माझ्याच बॅचची आहे ती. परीक्षेत तर माझ्या मागे असायची."

खुर्चीत नीट टेकायच्या आतच तिने फोन माझ्यासमोर धरला. जर्मनीत नर्स म्हणून गेलेल्या मैत्रिणीची पगारपावती. ब्रुटो 3,500 युरो. त्याच्याशेजारी हिने बोटाने, लाल रंगात लिहिलेलं: साडेतीन लाख. "मला अठ्ठावीस हजार. म्हणजे बारापट, आणि काम माझ्याहून कमी. सांगा, मी इथे राहून मूर्खपणाच केला ना?"

जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स, वय एकोणतीस. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) माझ्याकडे सल्ल्यासाठी आली ती झोपेची तक्रार घेऊन. रात्रपाळीत तीनच्या सुमारास वॉर्ड शांत झाला की ती मैत्रिणीचे फोटो बघत बसायची, आणि सकाळी घरी गेल्यावर डोळ्याला डोळा लागायचा नाही.

अशा वेळी "तुलना करू नका" असं सांगायची पद्धत आहे. मी सांगत नाही. एक तर ते कोणी ऐकत नाही. शिवाय तुलना करण्यात काही गैर नसतं, फक्त ती बहुतेकदा अर्ध्यावर सोडलेली असते. म्हटलं, करायचीच तर पुरती करू. वही काढा.

ब्रुटो म्हणजे कपातीच्या आधीचा आकडा. तिकडे पेन्शन, आरोग्यविमा, बेकारी विमा, देखभाल विमा असं सगळं मिळून नोकरदाराच्या वाट्याचे 21-22 टक्के जातात, वर आयकर. एकट्या माणसाच्या हातात साधारण दोन-तृतीयांश पडतात. पावतीच्या तळाशी नेटो, म्हणजे हातात पडणारा आकडा, लिहिलेला होताच: 2,300. इतके महिने पावती जपून ठेवली होती, पण तळापर्यंत कधी सरकवलीच नव्हती.

मग तो शंभराचा गुणाकार, एका युरोचे शंभर रुपये धरून केलेला. बँकेचा दर घरी पाठवलेल्या युरोला लागतो, तिथेच खर्च झालेल्या युरोला नाही. मैत्रिणीचे महिन्याला आठशे वाचतात, म्हणजे ऐंशी हजार. हिचे, आईवडिलांकडे राहून, बारा हजार.

"तरी साडेसहापट झालेच की," ती म्हणाली.

झालेच. परदेशातला पगार खरं तर किरकोळच असतो, असं सिद्ध करून माणसाला घरी पाठवणाऱ्या सल्लागारांवर माझा फारसा विश्वास नाही.

तासांचं प्रकरण मात्र वेगळं निघालं. जर्मन माणूस वर्षाला 1,350 तासांच्याही आत काम करतो, असं तिने एका रीलमध्ये ऐकलं होतं. आकडा खरा आहे, ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेचा आहे. पण ती सरासरी आहे आणि तिच्यात अर्धवेळ काम करणारेही मोजलेले असतात. जर्मनीत ते खूप आहेत. एकाच वर्षातले दोन देशांचे तास समोरासमोर ठेवायला हे आकडे वापरू नका, असं ती संस्था स्वतःच सांगते. मैत्रीण पूर्णवेळ होती. तिथल्या सरकारी हॉस्पिटलांच्या करारात आठवड्याला साडेअडतीस तास असतात, आणि मधली अर्ध्या तासाची सुट्टी त्यात धरत नाहीत.

"आणि तुमचे?"

"आठ तासांची शिफ्ट, सहा दिवस. अठ्ठेचाळीस."

"ते रजिस्टरमधले. मागच्या आठवड्याचे खरे सांगा."

मग ती बोटांवर मोजायला लागली. हँडओव्हरसाठी, म्हणजे पुढच्या शिफ्टला रुग्ण सोपवायला, रोज पाऊण तास जास्त, त्याचे साडेचार. गुरुवारी रिलीव्हर आली नाही, डबल ड्यूटी, आठ. कॉम्प-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी? "मिळेल म्हणाले." बेरीज आली साडेसाठ. पेन तिथेच थांबलं.

इथे मला एक जुनी गोष्ट आठवली, ती मी तिलाही सांगितली. 1919 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कारखान्यांसाठी आठवड्याला 48 तासांचा पहिला करार केला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानापुरतं वेगळं कलम घातलं होतं: इथे साठ. "म्हणजे मी अजून 1919 मध्येच आहे," ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

तासावर आणल्यावर हिचे 107 रुपये झाले, मैत्रिणीचे पावणेचौदा युरो. आता वस्तूंची किंमत पैशात न लिहिता तासांत लिहायची. चाळीस हजारांचा फोन: हिला 374 तास, मैत्रिणीला जेमतेम 29. एका खोलीचं महिन्याचं भाडं: हिला 75 तास, तिला 40. केस कापणं: हिला दीड तासाच्या आत, तिला दोन तासांहून जास्त! तिथे कापणाऱ्याचाही तास मोजला जातो ना. किमान वेतनाचा कायदा 2015 पासून आहे. सुरुवात ताशी साडेआठ युरोने झाली, जानेवारी 2026 पासून ते 13.90 आहे.

ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पैशांचं माहीत होतं हो. पण हे साडेबारा तास कुठेच लिहिलेले नाहीत."

माझ्या मते झोप उडवणारी गोष्ट ही होती, मैत्रिणीचा पगार नव्हे.

वहीत न मावणारंही बरंच असतं. नर्सच्या शिक्षणाला तिथे मान्यता मिळेपर्यंत साहाय्यक म्हणून कमी पगारावर काम करावं लागतं. मैत्रिणीचे आठ महिने तसेच गेले. इथे रुग्णाला आंघोळ घालणं, भरवणं हे आया किंवा नातेवाईक करतात. तिथे ते नर्सचंच काम. कोणाला त्यात कमीपणा वाटतो, कोणाला नाही. तिने विचार करून सांगितलं, "मला नाही वाटणार."

जा किंवा जाऊ नका, हे मी सांगितलं नाही.

तिसऱ्या भेटीपर्यंत दोन गोष्टी घडल्या होत्या. महिन्याभराचे तास लिहिलेली वही ती मेट्रनकडे घेऊन गेली. डबल ड्यूटी आता रजिस्टरवर चढते. हँडओव्हर अजून नाही, आणि मला वाटतं इतक्यात चढणारही नाही. शिवाय तिने जर्मनचा क्लास लावला होता.

मैत्रिणीला तिने फोटोंऐवजी ड्यूटी लिस्ट मागितली होती. ती आली, तीन अक्षरांनी भरलेली: सकाळ, दुपार, रात्र. "बघा मॅडम, हिच्या सलग पाच रात्री आहेत. आणि दोन रविवार."

खाली मैत्रिणीने लिहिलं होतं, "तुझी पण पाठव ना."