४० वर्षं जुनं वायरिंग अजून वापरता येईल का, कसं ओळखायचं?

वायरिंगच्या वयापेक्षा वायरच्या आवरणाची अवस्था महत्त्वाची. टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासा, मग मेन स्विच बंद करून त्याच टेस्टरने पुरवठा बंद असल्याची खात्री करा आणि दोन-तीन बोर्ड उघडा. छतावरच्या दिव्याचं होल्डर उघडायला विसरू नका, उष्णतेने वायर आधी तिथेच वाळते. वायर हलकेच वाकवा. लाकडी पट्टीवरची जुनी कापडी-रबरी वायर असेल आणि रबराचा भुगा पडला, तर पुढची तपासणी कशाला? सगळी बदला.

वायरवरचं पीव्हीसीचं (प्लास्टिकचं) आवरण मऊ असेल, स्क्रूजवळ काळवंडलं नसेल, तर परवानाधारक वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (आवरणाचा विद्युतरोध मोजणारं यंत्र) तपासून घ्या. आधी सगळी उपकरणं, एलईडी दिवे, इन्व्हर्टर सुटे करायचे, नाहीतर आकडा चुकतो आणि उपकरणही जातं. रीडिंग १ मेगाओहमच्या खाली आलं तर ते सर्किट बाद. शक्यतो पावसाळ्यात, भिंती ओल्या असताना मोजा, विजेची खरी गळती तेव्हाच दिसते.

ॲल्युमिनियमची वायर स्क्रूखाली सैल होऊन तापते. सॉकेट पिवळा पडला की समजा.

थ्री-पिन सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रललाच जोडलेली नाही ना, हे जरूर पाहा. न्यूट्रल तुटला तर गीझरच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात. असलं काम करणाऱ्याला पुन्हा बोलावू नका.

एसीसाठी ४ चौ. मिमी तांब्याची स्वतंत्र लाइन आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) घ्या.