‘रेडियंट डॉन’ या व्हिडिओ गेमची कथा आधीच्या भागापेक्षा, म्हणजे ‘पाथ ऑफ रेडियन्स’पेक्षा, सरस आहे का?
कथेचा आवाका नक्कीच मोठा आहे, पण पात्रांशी जुळणारी जवळीक ‘पाथ ऑफ रेडियन्स’मध्येच (२००५) अधिक होती, असे माझे मत आहे. ‘फायर एम्ब्लेम : रेडियंट डॉन’ (२००७) हा खेळ आधीच्या युद्धात हरलेल्या डेन देशाच्या बाजूने, तिथली बंडखोर नायिका मिकाया हिच्या नजरेतून सुरू होतो, आणि परकी राजवट सामान्य माणसांना कशी भरडते हे दाखवण्याचे हे धाडस मला मनापासून आवडले. या खेळातल्या दुसऱ्या पर्वाचा शेवट तर अप्रतिम आहे : बंडखोरांच्या हाती सापडलेली जिवलग लुसिया फासावर जात असतानाही क्रिमिया देशाची राणी एलिन्सिया त्यांचा कैदेतला म्होरक्या लुडेक याला सोडण्यास नकार देते. मात्र ऐन वेळी आधीच्या भागाचा नायक आइक याची तुकडी येऊन लुसियाला वाचवते आणि त्या निर्णयाची किंमत राणीला मोजावीच लागत नाही, हे खटकते. पुढे मिकायाला आइकविरुद्ध लढत ठेवण्यासाठी योजलेला रक्तकरारही (मोडल्यास देशातल्या प्रजेचा जीव घेणारा जादुई करार) वरून लादल्यासारखा वाटतो. सर्वांत मोठी हानी झाली ती सपोर्ट संवादांची (सोबत लढणाऱ्या दोन पात्रांमधल्या गप्पांची), कारण पूर्वी स्वभाव उलगडणाऱ्या त्या दीर्घ संभाषणांच्या जागी येथे कोणालाही लागू पडतील अशी एक-दोन वाक्येच उरली आहेत.