गाडी गरम झाली की उभ्या गाडीत इंजिनची टिक-टिक येते. हेड उतरवायचं का?

नको. निदान दोन गोष्टी तपासल्याशिवाय तरी नको.

तुम्ही लिहिलंय की गाडी पेट्रोल आहे, 80 हजारांच्या वर चाललीय. मिरजेहून सांगलीला येईपर्यंत गरम होते आणि सिग्नलला उभी राहिली की बोनेटखालून टिक-टिक येते. रेस दिली की आवाज ऐकू येत नाही, सकाळी थंड गाडीत तर नसतोच. आणि गॅरेजवाला म्हणतोय, टॅपेट (इंजिनचे व्हॉल्व्ह दाबणारे भाग) गेलेत, हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवू, 30 हजार.

मी गाड्यांचा मेकॅनिक नाही. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, शेतकऱ्यांचे पंप येतात. बेअरिंगचा आवाज ओळखण्यावरच पोट चालतं म्हणा ना. तरी स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मीही फसणार होतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी 45), तेव्हा माझी गाडी दोन दिवस बंपरपर्यंत पाण्यात होती. धुतली, ऑइल बदललं, चालू झाली. दिवाळीनंतर उभ्या गाडीत 'खर्रर्र' सुरू झालं. एका गॅरेजमध्ये टायमिंग चेन सांगितली, 22 हजार. घरी येऊन लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, मूठ कानाच्या मागच्या हाडाला टेकवली आणि टोक एकेका ठिकाणी लावत गेलो. अल्टरनेटर साफ. वॉटर पंप साफ. पट्ट्याला वाट देणाऱ्या आयडलर पुलीच्या मधल्या बोल्टवर टोक ठेवलं आणि कानात कुणीतरी वाळू चाळतंय असं वाटलं. गाडी बंद करून पट्टा उतरवला, पुलीला बोटाने फिरकी दिली. चांगली पुली ग्रीसमुळे जरा जड फिरते आणि लगेच थांबते. ही भिंगरीसारखी फिरतच राहिली. सील उचकटलं तर आत ग्रीस नाहीच, पुराचा गाळ वाळून चहाच्या पावडरीसारखा झालेला. पुली आणि मजुरी मिळून हजाराच्या आत काम झालं.

तुमचा आवाज त्यातला नाही. बेअरिंग खरखरतं किंवा घूं करतं, टिकटिकत नाही. पण गॅरेजवाल्याची चूक तीच: आवाज कुठून येतो हे बघायच्या आधीच त्याला नाव देऊन टाकलं.

सगळ्यात आधी ऑइल. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक पुसून परत घालून बघा. गरम ऑइल पातळ होतं आणि आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) त्याचा दाब सगळ्यात कमी असतो. त्यामुळे ऑइल कमी किंवा जुनं असेल तर टॅपेटची टिक-टिक नेमकी गरम गाडीत, उभं असताना येते. लेव्हल कमी असेल तर गाडीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच ग्रेडचं भरा. उभ्या गाडीत डॅशबोर्डवर ऑइलच्या कॅनचा लाल दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी तिथंच बंद करा, टोइंग बोलवा. टिक-टिक नसून आतून जड ठक-ठक येत असेल आणि रेसबरोबर वाढत असेल, तरीही तेच.

ऑइल ठीक निघालं तर माझा संशय पर्ज व्हॉल्व्हवर आहे. पेट्रोलच्या टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात साठते, ती इंजिनात ओढून घेणारा हा काडेपेटीएवढा व्हॉल्व्ह. तो बहुतेक इंजिन गरम झाल्यावरच काम करतो आणि टिकटिकणं हेच त्याचं काम. रेस दिली की इंजिनच्या आवाजात बुडून जातो. इनटेकजवळ (इंजिनात हवा शिरते तिथं) दोन बारीक नळ्या आणि एक वायरचा प्लग असलेला प्लॅस्टिकचा तुकडा शोधा आणि आवाज चालू असताना त्याला बोट लावा. तोच असेल तर बोटाला ठोके कळतात. प्लग काढला की आवाज बंद. परत लावायला विसरू नका, नाहीतर चेक इंजिनचा दिवा लागेल.

ताल मोजूनही फरक कळतो. आयडलला इंजिन मिनिटाला साधारण 800 फेरे मारतं, टॅपेट हलवणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, त्याच्या निम्मे, म्हणजे 400. एक टॅपेट वाजत असेल तर सेकंदाला सहा-सात ठोके पडतात, मोजायला जाल तर हुकाल. हलकी रेस दिली की ते त्याच प्रमाणात जलद होतात. पर्ज व्हॉल्व्ह इंजिनच्या फेऱ्यांशी बांधलेला नसतो.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट फुटलं तरी असाच आवाज येतो, पण तो उलटा वागतो: थंड असताना जास्त, लोखंड तापून फुगलं की कमी. त्यामुळे तुमच्याकडे ते नसावं. एसी बंद-चालू करून आणि क्लच दाबून-सोडून आवाज बदलतो का तेवढं बघा. बदलला तर कॉम्प्रेसर किंवा क्लचकडची बाजू बघावी लागेल, हेडचा संबंधच नाही.

हे सगळं चालू इंजिनवर करायचंय, तेव्हा शर्टाची बाही वर आणि ओढणी-मफलर गाडीबाहेर. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो.

यातलं काहीच निघालं नाही तर गॅरेजवाल्याला आधी ऑइलचा दाब गेज लावून मोजायला सांगा. मग टॅपेट कव्हर काढून क्लिअरन्स, म्हणजे टॅपेटपाशी किती फट आहे ते, बघू द्या. त्याला हेड उतरवावं लागत नाही, आणि हे तुम्हाला माहीत आहे हे त्याला कळलेलं बरं.