रोज खिशात ठेवायला छोटा टॉर्च कोणता घ्यावा? मोबाइलचा पुरत नाही का?

मोबाइलचा पुरतो, पण गाडीचा प्लग बघताना तो तोंडात धरता येत नाही. आणि वीज जाते तेव्हा नेमकी चार्जिंग संपलेली असते.

एकाच ट्रिपल ए सेलवर (रिमोटमधला बारीक सेल) चालणारा घ्या. पेनाएवढा जाड, खिशात कळतही नाही, आणि सेल किराणा दुकानातही मिळतो. यूएसबी चार्जिंगवाले जास्त उजेड देतात, पण आतली बॅटरी थकली आणि ती बदलता येत नसेल तर टॉर्चच टाकावा लागतो.

ल्युमेनच्या (उजेड मोजायचं एकक) आकड्याला भुलू नका. डब्यावर १००० लिहिलेला बोटभर टॉर्च मिनिटा-दोन मिनिटांत तापतो आणि उजेड आपोआप खाली आणतो. जिन्यात, पार्किंगमध्ये १०० ल्युमेन पुष्कळ झाले. त्यापेक्षा सगळ्यात मंद मोड किती मंद आहे ते विचारा. रात्री पोरं झोपलेली असताना कपाटात काही शोधायचं तर २-३ ल्युमेनच हवेत.

बटणाचं मात्र नीट बघा. माझा पहिला टॉर्च खिशातच दाबला जायचा, एकदा तर मांडीला चटका बसला तेव्हा कळलं. तेव्हापासून डोकं पिळून लागणाराच वापरतो. बटणवाला असलाच तर मागचं झाकण पाव आटा सैल करून ठेवा, बऱ्याच धातूच्या टॉर्चमध्ये तेवढ्याने सर्किट तुटतं आणि बटण दाबलं गेलं तरी टॉर्च लागत नाही.

पावसाळ्यासाठी आयपीएक्स (पाणी आत न शिरण्याचं रेटिंग) ७ किंवा ८ बघा. आणि अल्कलाइन सेल महिनोन्‌महिने आत ठेवू नका, पाझरतो. निकेल मेटल हायड्राइडचा रिचार्जेबल सेल बरा.